तुझ्या लेकराचं बारसं

अण्णा, परवा इथे गावात, माझ्याकडे, तुझे दिवस घातले. आलेला प्रत्येक जण तुला चांगला म्हणून गेला. देवमाणूस म्हणाले, हातात कला होती म्हणाले, कुणाच्या अध्यात ना मध्यात म्हणाले. हट्टी मात्र कुणीच म्हणालं नाही. ते बहुतेक सगळ्यांनी सख्ख्या बहिणीच्या वाट्याला ठेवलं असावं, तेव्हा आधी तेच म्हणून घेते. तू महाहट्टी होतास. एका वशिंडापायी तू माझ्याशी वर्षानुवर्षं भांडलास, आणि ते वशिंड अजून आमच्या शाळेच्या मैदानात उन्हात तापत उभं आहे.

लोकांना वाटतं, मी घरात बसून रडत असेन. रडते ना. पण रडता रडता मधेच तुझं एखादं वाक्य आठवतं आणि मला राग येतो. ओठांवर चोख उत्तरही येतं. ते कुणाला द्यायचं हे सुचत नाही, की पुन्हा रडू येतं. परवापर्यंत वहिनी समोर बसलेली असायची. ती मात्र रडत नव्हती. तू गेल्यापासून तिने डोळ्याला पदर लावला नव्हता, आणि बायकांची त्यावरही कुजबुज झाली.

तुझ्या त्या जनावरापासूनच सुरुवात करते. तुला दुसरं काही ऐकायचंच नसणार.

त्या वर्षी गावात केबल नुकती आली होती. पोरांच्या दप्तरावर, वह्यांच्या पुठ्ठ्यावर, बबलगमच्या कागदावर, जिथे बघावं तिथे डायनासोर. आणि सगळे दात विचकणारे. मी खटकचिंचोळीच्या आपल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना चावत सुटायची. मला भारी संताप यायचा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरामागे फिरलेल्यांची ही पोरं, आणि त्यांना पाला खाणारं जनावर सांगितलं की कंटाळा! मी एका मासिकात वाचलं होतं की आपल्यापासून फार लांब नाही, गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणाकडे, एका अजस्र पालेखाऊ डायनासोरची हाडं निघाली आहेत. शाळेची नवी खोली बांधून सळया आणि थोडं सिमेंट उरलं होतं. मैदानात तसा एक उभा करायला हेडमास्तर हो म्हणाले. आणि तू, सिमेंटच्या मूर्ती घडवणारा, दोन देवळांच्या कामांच्या मधे रिकामा होतास.

मी तुला मासिकातलं चित्र दाखवलं. तू थापी धुवत होतास. हात पुसून चित्र हातात घेतलंस आणि उलटं-सुलटं करून पाहिलंस.

"काय खातंय म्हनलीस?"

"पाला. झाडाचा."

"आन गवत?"

"तवा गवत न्हवतंच, अण्णा."

"गवत न्हवतं? मंग मेंढरं काय खायलीं?"

"मेंढरं बी न्हवती."

"गवत न्हाई, मेंढरं न्हाईत. मंग जगायलं कशाला होतं ते?"

मी डोक्याला हात लावला. मग तू नाव विचारलंस. मी म्हणाले, बारापासॉरस. बंगाली भाषेत त्याचा अर्थ मोठ्या पायाचा. खोदणाऱ्यांना मांडीचं हाड सापडलं होतं, माणसाच्या उंचीचं, म्हणून पायावरून नाव पडलं. ते ऐकून तू एकदम खूश झालास. आपला बाप मेंढरांना अशीच नावं द्यायचा. कान तुटका असला की तुटकी, कपाळावर ठिपका असला की चांदी. "म्हंजे शास्त्रवाले बी धनगरच की," तू म्हणालास. "आन डोकं कसलं होतं?"

"डोकं सापडलंच न्हाई. नुसते दात सापडलेत."

"डोकं न्हाईच?" तू चित्र माझ्या हातात परत दिलंस. "मंग डोकं माझं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत तू कामाला लागलास. मी पेपर तपासायला बिदरला गेले होते, तिथेच मैलूर भागात मैत्रिणीकडे राहिले होते. परत येऊन बघते तर सळयांचा सांगाडा उभा, त्यावर जाळी, जाळीवर गिलावा, चार पाय खांबासारखे, मान आकाशात. आणि खांद्यावर हे मोठं वशिंड. गळ्याखाली बैलाची पोळीसुद्धा लोंबत होती.

"अण्णा! ह्ये काय करायलास?"

"वशिंड."

"डायनासोरला वशिंड नस्तंय."

"तू बघितलीस?"

"हाडावरनं कळतंय."

"वशिंडात हाड आस्तंय व्हय?"

मी आवाज चढवला. पण अण्णा, तेव्हाही चूक तुझीच होती आणि आताही तुझीच आहे. त्या वशिंडामागे विचार वगैरे काही नव्हता. भालकी, हुमनाबाद, पार आळंदपर्यंत किती देवळांपुढे तुझे सिमेंटचे नंदी बसले आहेत. तुझ्या हाताला त्यांची सवय. चार पायांचं काहीही करायला घेतलं की हात आपला खांद्यावर चढायचा आणि वशिंड करून मोकळा व्हायचा. नंतर तू ते झाकायला तर्क लढवलेस. मी म्हटलं, तोडून टाक. तू म्हणालास, जित्या जनावराचं मांस तोडू व्हय? आणि बिडी पेटवलीस.

ही सवयच पुढे आणखी नडली. देवळात मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे, तोवर चेहऱ्यावर फडकं. ते उघडताना समोर आरसा धरायचा आणि नारळ फोडायचा. तू शाळेच्या मैदानातही तेच केलंस. कुणाला विचारलं नाहीस की सांगितलं नाहीस. शिडीवर चढलास, फडकं काढलंस, वहिनीने खालून बांबूला बांधलेला आरसा वर धरला, तू डोळे कोरलेस आणि खाली येऊन नारळ फोडलास. त्याचा आवाज गल्लीत गेला. दुपार व्हायच्या आत बायका हळदी-कुंकू घेऊन हजर. डोळे उघडले म्हणजे आत जीव आला, मग त्याला रिकाम्या हाताने कसं बघायचं? हेडमास्तर कपाळावर आठ्या घालून फेऱ्या मारायला लागले. विज्ञानाचं म्हणून जे उभं केलं, त्याच्या पायाला एकीने आजारी पोराच्या नावाचा दोरा बांधला.

त्यातल्या एकीने मला विचारलं, "बाई, नारळ कुनाच्या नावानं फोडू? ह्येचं नाव काय?"

मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून बघितलं, मग वाकून त्याचे पाय मोजले, आणि बाकीचे कुठे आहेत म्हणून विचारलं. सगळं मैदान हसलं. मीही हसले. तू मात्र हसला नाहीस. पुढे आलास, कुंकवाचा करंडा बाजूला केलास आणि म्हणालास, "ह्यो देव न्हाई. ह्येला कुंकू नगं आन नारळ नगं. ह्ये लेकरू हाय माझं. लेकराचं नाव आत्या ठिवतीय, आन आत्या ही हितं उभी हाय."

लोक पुन्हा हसले. वहिनी आरशाचा बांबू हातात धरून उभी होती. ती खाली बघत होती, आणि मी तिच्याकडे बघत होते.

तुम्हाला मूल नव्हतं. घरात हे कुणी उच्चारायचं नाही, आणि घराबाहेर सगळेच उच्चारायचे. तिला सणाला ओटी भरायला बोलवत नसत. तुला दुसरी बायको कर म्हणून सांगणारे ओसरीवर येऊन चहा पिऊन जात. तू त्यांना चहा पाजायचास आणि काही बोलायचा नाहीस. मी तुझी बहीण, पण मीही कधी विचारलं नाही. काय विचारणार होते? तू त्या दिवशी भर मैदानात जे बोललास, त्याच्याहून जास्त तू त्यावर आयुष्यात कधी बोलला नाहीस.

मी म्हणाले, "त्याचं नाव ठिवलंय की शास्त्रज्ञांनी."

"ते त्यांच्या आत्यानं ठिवलेलं," तू म्हणालास. "माझ्याचं तू ठिव."

चौथऱ्याच्या पुढच्या बाजूला तू नावासाठी एक चौकोन घोटून गुळगुळीत केला होतास. तो तसाच कोरा राहिला.

नंतर देवळांची कामं कमी झाली. हैदराबादकडे मात्र फार्महाऊस निघाले, लग्नाचे हॉल निघाले, आणि प्रत्येकाला फाटकावर सिंह हवे होते. तू वहिनीला घेऊन गेलास. गावातले निम्मे असेच गेले, कुणी पुण्याला, कुणी मुंबईला, कुणी तुझ्यासारखे हैदराबादला. बाकीचे जत्रेला यायचे, दिवाळीला यायचे. तू यायचास पाऊस लागायच्या आत. रंगाचा डबा मांडीवर घेऊन एसटीतून उतरायचास, आणि घरी न येता आधी शाळेत. शेपटीला तडा गेलेला असायचा, पोटाखाली पोपडे सुटलेले असायचे. ते बुजवायचं, घासायचं, रंग द्यायचा. आणि संध्याकाळी चौथऱ्यावर चहा घेत नावावरून भांडायचं.

काय काय नावं आणायचास! एकदा भीमा म्हणालास. मी म्हटलं, भीमा खायचा किती ते ठाऊक आहे, पण तो काही पाला खायचा नाही. एकदा हत्तीराव. एकदा दोड्डप्पा. कानडीत थोरल्या चुलत्याला म्हणतात ते मलाही ठाऊक होतं, पण आपल्या गल्लीत एक दोड्डप्पा जिवंत होते आणि त्यांना ऐकायला कमी येत असलं तरी चौथऱ्यावरचं नाव वाचण्याइतकं चांगलं दिसत होतं. मी गोदाजी सुचवलं, गोदावरीच्या खोऱ्यातलं म्हणून. तू म्हणालास, "ते तलाठ्याचं नाव वाटायलंय." मग मी पुन्हा शास्त्रीय नावावर यायचे.

"हाक मारता येतीय का त्या नावानं?" तू विचारायचास. "हाक मारता येत न्हाई ते नाव कसलं? रानात जनावर लांब गेलं, तर काय करशील?"

एका वर्षी मला इतका राग आला, की मी तरातरा मैदानाच्या त्या टोकाला गेले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून सगळं नाव ओरडले. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. शाळेच्या भिंतीवरून दोन बायकांनी डोकावून बघितलं. तू हसून हसून चौथऱ्यावर आडवा झालास. ठसका लागला तुला, आणि वहिनीने पाठ चोळली. "मीच शिकिवली," तू ठसक्यातून म्हणत होतास, "आन माझ्याच लेकराला शिव्या द्यायलीय बगा."

ते खरं होतं, अण्णा. तूच शिकवलंस. बाप वर्षातले कितीतरी महिने मेंढरं घेऊन फिरतीवर, आणि मी चालती झाले की मलाही काठी मिळणार होती. तू बापाला म्हणालास, "शांती शिकू द्या. तिच्या वाटची मेंढरं बी मी राखतो." तू स्वतः चौथीतून उठलास ते पुन्हा बसला नाहीस. मला कपाळावर ठिपका असलेली चांदी आठवते. ती माझ्या वाटणीची होती. तीही तूच राखलीस. म्हणून तर मी एवढं लांबलचक नाव न अडखळता म्हणू शकते आणि तुझ्याशी भांडू शकते. आभार वगैरे आपल्यात कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाला असतास, कामून, ताप आलाय का तुला?

एका वर्षी मी तुझ्याकडे आले होते, हैदराबादच्या बाहेर, तुझ्या कामाच्या जागी. पत्र्याच्या शेडपुढे सिंहांच्या ओळी बसल्या होत्या. सगळे सारखे, सगळ्यांची तोंडं उघडी. तू त्यांच्याकडे न बघता मधून चालत होतास. मी विचारलं, यांची नावं काय? "ह्येंला कसलं नाव? गिऱ्हाईक ठिवलं तर ठिवलं." मग विचारलं, डोळे उघडताना आरसा धरतोस का? तू थांबलास. "न्हाई. ते मालाचे डोळे हायत, शांते." मग वहिनीने हाक मारली आणि आपण जेवायला गेलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की खटकचिंचोळीतलं ते वेडंवाकडं वशिंडवालं एकटंच तुझं आहे.

आणि आता जे आपण दोघंही बोललो नाही ते बोलते. मला नाव ठरवायचंच नव्हतं. नाव ठरलं की तू चौकोनात ते लिहिणार, आणि पुढच्या वर्षी रंग द्यायला दुसऱ्या कुणालाही सांगता आलं असतं. भांडण मिटलं असतं तर तू कशाला आला असतास? आईबाप गेलेले, घर पडीक, शेताचा तुकडा दुसऱ्याच्या हातात. बहिणीला बघायला म्हणून पुरुष माणूस दरवर्षी रजा काढून येत नाही. लेकराचं नाव ठरवायला येतो. म्हणून मी तुझी सगळी नावं मोडीत काढायचे.

तुलाही हे ठाऊक होतं. एकदा दमून तू म्हणालास, "बरं बाई, गोदाजी तर गोदाजी." माझा चेहरा पडलेला तू बघितलास, आणि दुसऱ्या घोटाला कप खाली ठेवलास. "न्हाई न्हाई," म्हणालास, "घाई नगं. पुडल्या साली बगू." त्यानंतर आपण दोघंही फार आनंदात होतो. वहिनी आपल्याकडे बघून म्हणाली, ह्या भावाबहिणीला काम न्हाई.

गावात फोन आले तेव्हापासून तू आधी कोपऱ्यावरच्या बूथवरून करायचास, नंतर मोबाइलवरून. पहिलं वाक्य ठरलेलं. "लेकरू कसं हाय?" मी म्हणायचे, तुझी बहीण बरी आहे, विचारल्याबद्दल उपकार झाले. त्यावर तू हसायचास. गेल्या वर्षी ते हसू पुरं होईना. मधेच श्वास तुटायचा. इतकी वर्षं सिमेंटची धूळ खाल्लेली छाती, ती किती साथ देणार? तू आला नाहीस. या वर्षीही उन्हाळा चढला तरी आला नाहीस. शेवटच्या फोनवर मी सांगितलं, शेपटीच्या मुळाशी तडा मोठा झालाय. तू म्हणालास, "येतो, पाऊस लागायच्या आत." मग थोडा वेळ नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. "नाव काडून ठिवलीस का?"

"तू ये तर," मी म्हणाले. "मंग भांडू."

हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. लोक विचारतात, शेवटचं काय बोलणं झालं, आणि मी सांगितलं की त्यांना वाईट वाटतं. मला नाही वाटत. याच्याइतकं गोड मी तुझ्याशी कधीच बोलले नव्हते, हे त्यांना कसं कळणार?

आता कालचं सांगते.

वहिनी आज करजगीला गेली, माहेरी. तिचे भाऊ न्यायला आले होते. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, मी उठले तर ती चुलीपुढे. पातेल्यात काहीतरी शिजत होतं. झाकण काढून बघितलं, तर हरभऱ्याच्या घुगऱ्या. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. घुगऱ्या बारशाला करतात, अण्णा. दिवस घातलेल्या घरात दुसऱ्या दिवशी कुणी करत नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "लेकराकडं जाऊ."

"वहिनी, काल दिवस घातले आन आज ह्ये? लोक काय म्हनतील?"

"लोकांनी मला लई म्हनलंय," ती म्हणाली. "आता ह्ये बी म्हनूंद्या."

शाळेला सुट्टी होती. मैदानात कुणी नव्हतं. ती त्याच्या पुढच्या पायाशी जाऊन उभी राहिली आणि पायावर हात फिरवला. म्हणाली, "तिकडं वीज चमकली की उठून बसायचे. म्हनायचे, लेकरू एकटंच हाय मैदानात. मी म्हनायची, सिमेंटाचं हाय, काय हुतंय त्येला? तर बोलायचे न्हाईत दिवसभर." मग माझ्याकडे वळली. "उद्या मी जायलेय. परत कवा येनं हुतंय, न हुतंय. तेवडं नाव ठिवून टाका, वन्सं."

मी काय सांगणार होते तिला? नाव ठेवलं की सगळं संपतं, हे तिला कसं सांगू? इतकी वर्षं ज्या दोरीने तुला दर उन्हाळ्यात ओढून आणत होते, ती आपल्या हाताने सोडायची होती. मला वाटत होतं, हा चौकोन कोरा आहे तोवर कुठूनतरी रंगाचा डबा घेऊन तू उतरशील. वेडेपणा आहे. मी विज्ञान शिकवते. पण वहिनी पातेलं घेऊन उभी होती, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं, की मी शिपायाच्या खोलीतून शिडी आणली.

माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. वहिनीने शिडी धरली आणि मी एकेक पायरी चढले. इतक्या वर्षांत मी त्याचं डोकं कधी जवळून पाहिलं नव्हतं. खालून मान मोडेस्तोवर बघितलं होतं तेवढंच. वर गेले आणि डोळ्याच्या मागे, खालून जिथे नुसती सावली दिसते, तिथे मला एक भोक दिसलं. बोट जाईल एवढं. कडा बोटाने घोटून गुळगुळीत केलेल्या. आत रंगाचे थर होते. पहिल्या वर्षीचा तो मातकट, मग हिरवा, मग तू कुठूनतरी स्वस्तात आणला होतास तो निळा, सगळे एकावर एक. म्हणजे पहिल्या दिवसापासून होतं. दरवर्षी तू ब्रशचं टोक आत घालून ते रंगवत होतास, आणि मला एका शब्दाने बोलला नव्हतास. कान होता तो, अण्णा. बाहेर पाळी नाही, नुसतं भोक. अगदी असाच असतो, हे मात्र तू बरोबर केलं होतंस. तिथे, एवढ्या उंचावर, आत्याने तोंड लावावं एवढी जागा तू ठेवून दिली होतीस.

शिडीवर उभी राहून मी किती रडले ते सांगत नाही.

चढताना मनात होतं, तुझंच नाव ठेवावं. बिराप्पा. पण मग वहिनीला ते जन्मात उच्चारता आलं नसतं. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? बापाचं ठेवावं, तर ते तिच्या सासऱ्याचं. तेही नाही. तिला मोकळ्या तोंडाने हाक मारता येईल असं नाव हवं होतं. आणि ते मग आलं, फारसं शोधावं न लागता. आपल्याकडे नावाला अप्पा लागला की तो घरचा होतो, मल्लप्पा काय आणि शरणप्पा काय. शास्त्रवाल्यांचं निम्मं मी घेतलं आणि त्याला अप्पा लावला. भोकाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि हळूच म्हणाले, बारप्पा.

खाली आले. "काय ठिवलात?" वहिनीने विचारलं. मी सांगितलं. तिने पातेलं चौथऱ्यावर ठेवलं, चार पावलं मागे गेली, मान वर केली आणि मोठ्याने हाक मारली, "बारप्पाऽऽ!" मला तिचा इतका मोठा आवाज माहीतच नव्हता. पुन्हा मारली. मग माझ्यामागे येऊन उभी राहिली, आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. आत्याने नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ती रीतच आहे. बारशाला घर बायकांनी भरलेलं असतं. इथे ती एकटी होती, तेव्हा सगळ्यांच्या वाटचे तीच घालायला लागली. चांगले जोरात घातले. आणि मग तिचा हात माझ्या पाठीवरून उचललाच गेला नाही. पाठीला डोकं टेकून ती रडायला लागली, अण्णा, तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी वळले नाही. तशीच उभी राहिले आणि तिला रडू दिलं. मग आम्ही चौथऱ्यावर बसून घुगऱ्या खाल्ल्या. मीठ जास्त झालं होतं.

नाव ठरलं, अण्णा. भांडण मिटलं. आता पाऊस लागायच्या आत यायला तुला काही कारण राहिलं नाही.

तरी ये.